पडद्यावरचा धबधबा

वस्तू जुनी झाली की आधी माळ्यावर जाते, मग भंगारात जाते आणि या दोन्हींतून वाचली तर तिला एकदम भाव येतो. माणसाचं तसं नाही. तो माळ्यावरच राहतो. आमच्या धडगावच्या घराच्या माळ्यावर सतरंजीत गुंडाळलेला एक रंगीत टीव्ही आहे. समोरून काच आणि मागे सावकारासारखं पोट. पंधरा वर्षं तो तिथे पडून होता. भंगारवाल्याने एकदा त्याला उचलून पाहिलं आणि "गुरुजी, वजन भलतं, माल काहीच नाही," असा शेरा मारून परत ठेवलं. माझ्या सेवापुस्तकात इतका नेमका शेरा कुणी लिहिला नव्हता.

तर मार्चात पुण्याहून पुतण्याचा फोन आला.

"काका, मी एक मॉनिटर घेतोय. सीआरटी. प्रोफेशनल."

"कशासाठी?"

"लहानपणचे व्हिडिओ गेम खेळायला. आणि तुमचा माळ्यावरचा टीव्ही विकू नका हं. मे महिन्यात येतोय."

पुतण्याचं वय बेचाळीस. नोकरी, बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि घराचे हप्ते असं सगळं यथासांग आहे. हिने फोनवरचं अर्धंच ऐकलं आणि त्याची नोकरी गेली असं समजून देवापुढे दिवा लावला.

मी पडलो इतिहासाचा मास्तर. एखादी गोष्ट कळली नाही की तिचं मूळ शोधायचं, ही माझी जुनी खोड. तेव्हा आधी या काचेच्या पोटाचं मूळ शोधलं. कार्ल फर्डिनांड ब्राउन नावाच्या जर्मन प्राध्यापकाने १८९७ साली ही कॅथोड किरणांची नळी तयार केली. पुढे १९०९ साली त्यांना मार्कोनीबरोबर नोबेल पारितोषिक मिळालं, पण ते बिनतारी संदेशाच्या कामाबद्दल. केलं एक आणि बक्षीस दुसऱ्याचंच, हा प्रकार फक्त आमच्या खात्यात चालतो असं मी इतकी वर्षं समजत होतो. मग जपानात केंजिरो ताकायानागी यांनी २५ डिसेंबर १९२६ रोजी या नळीवर जपानी लिपीतलं 'इ' हे अक्षर उमटवलं. म्हणजे या पडद्यानेही आपल्यासारखी अक्षरापासूनच सुरुवात केली. खेळ त्याच्या अंगात शिरला तो नंतर. १९५८ साली अमेरिकेत विल्यम हिगिनबॉथम यांनी ऑसिलोस्कोपच्या पाच इंची गोल काचेवर टेनिस खेळवलं. १९७२ साली अटारी कंपनीने 'पाँग' काढला. त्याच्या पहिल्या नमुन्यासाठी त्यांच्या अभियंत्याने चक्क दुकानातून साधा काळा-पांढरा हिताची टीव्ही विकत आणला होता. हे ध्यानात ठेवा. पुढे लागणार आहे.

त्याच १९७२ सालच्या २ ऑक्टोबरला मुंबईचं दूरदर्शन सुरू झालं. पण मुंबई आणि धडगाव यांच्यामध्ये सातपुडा आहे. आमच्या गावाचं नाव धडगाव, तालुक्याचं अक्राणी आणि जिल्हा आधी धुळे, १ जुलै १९९८ पासून नंदुरबार. पत्ता लिहितानाच पोस्टकार्ड भरून जातं. १५ ऑगस्ट १९८२ रोजी दूरदर्शन रंगीत झालं. १९८४ साली काही महिने देशात दिवसाला जवळजवळ एक या वेगाने प्रक्षेपण केंद्रं उभी राहिली. तरी आमच्या घरातलं चित्र डोंगराच्या मर्जीवर होतं. उन्हाळ्यात गच्चीवर आमचूर वाळत घातलेलं असायचं आणि त्याच्या मधोमध अँटेना. मी ती फिरवायचो, खालून ही ओरडायची, "आलं... आलं... गेलं! अहो, आमचुरावर पाय देऊ नका!" यातलं पहिलं वाक्य टीव्हीसाठी असायचं आणि दुसरं मनापासून.

चित्राआधी वीज लागते, हेही आमच्याकडे विसरून चालत नाही. आमच्याच तालुक्यातल्या बिलगावात २००३ साली गावकऱ्यांनी श्रमदान करून, बाहेरून आलेल्या तंत्रज्ञांच्या मदतीने, धबधब्याच्या पाण्यावर १५ किलोवॅटचा वीजप्रकल्प उभारला. पाणी पडतंय आणि दिवा लागतोय, असं सरळ गणित. २००६ च्या पावसाळ्यात सरदार सरोवराचं पाणी मागे फुगलं आणि तो प्रकल्प बुडाला. अशा मुलुखात पडद्यावर एखादं चित्र नुसतं स्थिर उभं राहिलं तरी माणसं त्याच्याकडे आदराने बघायची.

व्हिडिओ गेम आला तो भोंगऱ्या बाजारात. होळीच्या आधीच्या त्या बाजारात ढोल, बासरी, जिलबी आणि हार-कंगन यांच्या गर्दीत एकाने टेबलावर टीव्ही मांडला होता. शेजारी प्लॅस्टिकची बंदूक. पडद्यावर बदकं उडायची आणि पोरं ती पाडायची. डोंगरातल्या ज्या पोरांचा तीरकामठ्याचा नेम चुकत नसे, त्यांचा इथे चुकायचा आणि शहरातून आलेल्या माझ्या पुतण्याचा बरोबर बसायचा. त्याचं गुपित मला आता कळलं. ती बंदूक काही मारत नाही, ती बघते. घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो आणि बंदुकीच्या नळीतला डोळा तो उजेड टिपतो. ही चमक काचेच्या पडद्यावर त्याच क्षणी उमटते. नव्या पातळ टीव्हीला मात्र आलेलं चित्र आधी पोटात घेऊन त्यावर विचार करण्याची सवय आहे. तेवढ्या उशिरात बंदुकीची वेळ टळते आणि बदक अमर होतं. जुने खेळ खेळायला जुना पडदा लागतो तो एवढ्यासाठी, असं पुतण्या म्हणाला.

"मग आपला माळ्यावरचा आहे की!"

"काका, तो घरगुती. मला प्रोफेशनल पाहिजे."

प्रोफेशनल म्हणजे काय, तर टीव्ही केंद्रात आणि स्टुडिओत तंत्रज्ञ ज्याच्याकडे डोळे लावून बसत, तो मॉनिटर. सोनीचे पीव्हीएम आणि बीव्हीएम ही त्यातली खानदानी घराणी. जेव्हीसीचेही चांगले. ताकायानागी पुढे याच कंपनीत गेले होते. या मॉनिटरवर कुठलंही चॅनेल लागत नाही, कारण चॅनेल पकडायची सोयच त्यात नाही. त्याचं काम एकच, आलेल्या चित्रातला दोष दाखवणं. शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांचं असतं तसं.

आणि हा साहेब निवडायचा कसा? पुतण्याने फोनवर यादी वाचून दाखवली आणि मला आमच्या सारंगखेड्याची आठवण झाली. दत्तजयंतीच्या यात्रेत घोडा घेणारा माणूस दात बघतो, चाल बघतो, अंगावरचे भोवरे बघतो. इथे दात म्हणजे मॉनिटर किती तास चालला ते. काही मॉनिटर आपले तास स्वतःच मोजून ठेवतात. चाल म्हणजे पडद्यावर चौकटी उमटवून कोपऱ्यातल्या रेघा सरळ राहतात की वाकतात ते. लाल, हिरवा आणि निळा हे तीन किरण एकाच रेघेवर पडतात की रेघेला रंगीत किनार सुटते ते. भोवरा म्हणजे वर्षानुवर्षं एकच चित्र दाखवून काचेवर त्याचा कायमचा डाग पडला आहे का ते. शिवाय मागे तिन्ही रंगांच्या वायरी वेगवेगळ्या जोडायची सोय हवी. आपल्याकडची पाल पद्धत आणि जपान-अमेरिकेतली एनटीएससी, दोन्ही त्याला कळायला हव्यात. नाहीतर जपानी यंत्राचं चित्र आपल्याकडे येऊन रंग गमावतं. संगणकाचा जुना मॉनिटर दिसायला तसाच असला तरी चालत नाही. त्याची रेघा ओढण्याची गती दुप्पट, त्यामुळे जुन्या यंत्राशी त्याचा ताल जमत नाही. आणि शेवटी वजन. वीस इंची घेतला तर तीस किलोच्या आसपास.

"मग नवीनच घे ना, तपासाचा त्रास नाही."

"काका, सोनीने २००८ सालीच या नळ्या बंद केल्या. आता आहेत तेवढ्याच. एक फुटली की एक कमी."

हे वाक्य ऐकून मी थोडा गंभीर झालो. आपल्या तेव्हाच्या औरंगाबादच्या व्हिडिओकॉनने २००५ साली फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा धंदा विकत घेतला होता. तेव्हा मी वर्गात अभिमानाने सांगितलं होतं, "मुलांनो, पाहा, मराठवाडा युरोप विकत घेतो आहे." पण जग तोवर पातळ पडद्याच्या दुकानात शिरलं होतं. इतिहासाच्या मास्तरला वर्तमान असं कळतं.

मे महिन्यात पुतण्या आला. मागच्या सीटवर त्याची मुलगी आणि तिच्या शेजारी सीटबेल्ट लावलेला मॉनिटर. घाटाच्या वळणांवर मुलीपेक्षा मॉनिटरला जास्त जपलं, अशी तक्रार आल्याआल्या नोंदवण्यात आली. मॉनिटर एका इस्पितळातून निघालेल्या सामानातला होता. पोटात दुर्बीण घालून आतलं बघतात, तेव्हा डॉक्टरमंडळी त्यात पाहत. हे कळताच हिने सगळ्यांना हात धुवायला लावले.

तिकडे माळ्यावरचा टीव्हीही खाली उतरला. त्याच्या पाठीला आम्ही हात लावला नाही. बटण बंद केल्यावरही त्या नळीत हजारो व्होल्टचा झटका दडून बसलेला असतो, हे पुतण्याने बजावलं होतं. शहाद्याहून एक जुने टीव्हीवाले बोलावले. हल्ली ते मोबाईल दुरुस्त करतात. त्यांनी झाकण उघडून आत पाहिलं आणि वर्गमित्र भेटावा तसे गहिवरले. दोन कपॅसिटर बदलले आणि पैसे घेताना अर्धेच घेतले.

मग खेळ मांडला. पुतण्याच्या मामाने नव्वदच्या दशकात दुबईहून आणलेला सेगाचा मेगा ड्राइव्ह. खेळ १९९१ सालचा सॉनिक, म्हणजे अंगावर काटे असलेला निळ्या रंगाचा एक प्राणी, जो विनाकारण पळत असतो. आधी मॉनिटरवर. चित्र लागलं आणि मी थक्क झालो. एवढं स्वच्छ चित्र मी धडगावात पाहिलं नव्हतं.

"काका, ओळींच्या मधल्या काळ्या फटी दिसतात? हीच तर मजा!"

मी जवळ जाऊन पाहिलं. टीव्हीचा किरण एक सोडून एक ओळ लिहितो आणि दुसऱ्या फेरीत मधल्या ओळी भरतो. या जुन्या खेळांची यंत्रं मधल्या ओळी भरतच नाहीत. चांगल्या मॉनिटरवर त्या फटी ठळक दिसतात. आयुष्यभर मी पोरांना 'रिकाम्या जागा भरा' शिकवलं आणि माझा पुतण्या दुभत्या म्हशीची किंमत मोजून रिकाम्या जागा विकत घेऊन आला!

इतक्यात सॉनिक धबधब्यापाशी पोचला. "बघ," पुतण्या मुलीला म्हणाला, "हा धबधबा. आरपार दिसणारा. मी लहानपणी याच्यासमोर नुसता उभा राहायचो." मुलीने पाहिलं. "बाबा, हे तर गज आहेत."

खरंच गज होते. एक रेघ निळी, एक मोकळी, पुन्हा एक निळी. पुतण्याचा चेहरा पाहवेना. एवढा लांबचा प्रवास करून त्याने मुलीला दाखवायला आणलेलं पाणी गोठून गेलं होतं.

हिचं गेल्याच वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर तिला आधी कोपऱ्यातली जळमटं दिसली, मग भिंतीचे पोपडे आणि मग मी. "अहो, तुम्ही एवढे म्हातारे कधी झालात?" हे तिचं नव्या दृष्टीतलं पहिलं वाक्य. तिला या प्रकाराचा अनुभव होता. ती म्हणाली, "अरे, याचे डोळे जास्त चांगले आहेत. आपल्या जुन्याला लाव."

यंत्र जुन्या टीव्हीच्या अँटेनाच्या भोकात जोडलं. चित्र आलं ते थोडं थरथरत, रंग एकमेकांच्या हद्दीत सांडत. सॉनिक पळाला, धबधब्याशी थांबला आणि पाणी पडलं. रेघा एकमेकींत विरघळल्या, निळा रंग पातळ झाला आणि त्यातून मागचा डोंगर दिसला. मुलगी पुढे सरकून म्हणाली, "आता वाहतंय."

त्याचं असं आहे, की ज्यांनी ही चित्रं काढली त्यांना घरोघरच्या टीव्हीचं दुखणं ठाऊक होतं. सगळे रंग एका वायरीत कोंबले की जवळजवळचे ठिपके एकमेकांत मिसळणार. त्या दोषातूनच त्यांनी पाणी काढलं. पाँगच्या वेळी दुकानातून आणलेला तो हिताची टीव्ही आठवतो ना? हा खेळ मुळातच घरगुती पडद्याच्या पोटी जन्मला आहे. स्टुडिओतला मॉनिटर, यंत्राने काय पाठवलं ते सांगतो. घरचा टीव्ही, आपल्यापर्यंत काय पोचलं ते सांगतो. इतिहासाचे कागदही याच दोन जातींचे असतात. दरबारातून काय हुकूम सुटला हे एका दप्तरात सापडतं आणि रयतेच्या पदरात काय पडलं हे दुसऱ्यात. मी तीस वर्षं बहुतेक पहिलंच दप्तर शिकवलं.

तेव्हा प्रोफेशनल मॉनिटर घ्यावा की नाही, असं मला कुणी विचारलं तर मी सांगेन, जरूर घ्यावा. तास बघावेत, कोपरे बघावेत, डाग बघावा. त्यालाही साधी एकच वायर जोडता येते आणि तशी जोडली तर तोही थोडा मवाळ होतो. हेही पुतण्याने त्या रात्री करून पाहिलं. पण घरात जुना टीव्ही असेल तर भंगारवाल्याला द्यायच्या आधी दोनदा विचार करावा.

जाताना पुतण्याने मॉनिटर इथेच ठेवला आणि टीव्ही पुण्याला नेला. मागच्या सीटवर, मुलीच्या शेजारी, सीटबेल्ट लावून, वर आमचीच सतरंजी.

मॉनिटर आता आमच्या पुढच्या खोलीत आहे. हिने त्यावर विणलेला रुमाल आणि फुलदाणी ठेवली आहे. परवा एक जुने सहकारी आले आणि विचारू लागले, "टीव्ही नवीन का? बातम्या लावा की."

"याच्यावर बातम्या लागत नाहीत," मी म्हणालो.

"मग?"

"म्हणूनच ठेवलाय," ही आतून म्हणाली.