नृसिंहवाडी, मिरज आणि मणक्यांचे अंतर्दर्शन

कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरील नृसिंहवाडी हे दत्तक्षेत्र दुर्धर व्याधींनी ग्रस्त झालेल्यांचे आश्रयस्थान म्हणून पूर्वापार प्रसिद्ध आहे. विजापूरच्या आदिलशहाच्या कन्येस येथील प्रसादाने दृष्टी लाभली, अशी परंपरागत कथा आहे. तिची ऐतिहासिकता निराळी तपासावी लागेल. परंतु रोगी येथे कोणत्या आशेने येत, हे तीवरून उघड होते. तेथून थोड्याच कोसांवर, मिरजेस, डॉ. विल्यम वॉनलेस यांचे मिशन रुग्णालय १८९४ साली सुरू झाले. आणि पुढच्याच वर्षी, ८ नोव्हेंबर १८९५ रोजी, जर्मनीत रोन्टगेन यांस क्ष-किरणांचा शोध लागला.

या टापूतील कुबड आलेल्या रोग्याच्या दृष्टीने हा शोध केवढा मोलाचा होता! पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ साली वर्णिलेला मणक्यांचा विकार क्षयजन्य होय. त्यात मणका आतून पोखरला जाऊन कोसळतो, पुवाचा दाब मज्जारज्जूवर येतो आणि पाय लुळे पडतात. क्ष-किरणांनी हा विध्वंस दिसू लागला खरा. पण हाडातील खनिजद्रव्याचा निदान तिसरा हिस्सा नष्ट होईपर्यंत तो त्यांत सहसा उमटत नाही. म्हणजे निदान होई ते बहुधा उशिरा. स्नायू, अस्थिबंध व मणक्यांमधील गादी यांचे तर पुसावयासच नको. गादी सरकून मज्जातंतू दबतो, हे मिक्स्टर व बार यांनी १९३४ साली दाखविले, ते शस्त्रक्रियेच्या आधारे.

ही उणीव भरून निघण्यास आणखी चार दशके लागली. १९७१ साली हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने प्रथम रुग्णाच्या मेंदूचे छेदचित्र घेतले. १९७३ साली लॉटरबर यांनी चुंबकीय अनुस्पंदनाने प्रतिमा मिळविली. हे दुसरे तंत्र, म्हणजे एमआरआय, मुख्यतः पाणी व चरबी यांतील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांवर चालते. त्यामुळे मणका कोसळण्यापूर्वीच त्याच्या मगजातील सूज दिसते, आणि पाय वाचविण्यास अवधी मिळतो.

तथापि अधिक दिसणे म्हणजे अधिक कळणे नव्हे. १९९४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कंबरदुखी नसलेल्या ९८ व्यक्तींची अशी चित्रे घेतली, तेव्हा ५२ टक्क्यांत निदान एक गादी फुगलेली आढळली. म्हणून नृसिंहवाडीच्या एखाद्या ऊसकऱ्याच्या चित्रात तसे दिसले, तरी तेच त्याच्या वेदनेचे कारण, असे सिद्ध होत नाही. पायातील बधिरता आणि स्नायूंचे बळ वैद्यास हातानेच तपासावे लागते.