कानस झिजली हे कसे ओळखावे? – हत्यार पाजवणाऱ्या हत्याराची हकिगत



नांगराचा फाळ झिजला की आपण लोहाराकडे जातो. विळ्याची धार गेली की दगडावर नाही तर कानशीवर घासतो. पण ज्या कानशीने ही धार लावायची, तिच्यात काही जीव उरला आहे की नाही हे पाहतो कोण? कानस घरात असते, पण हिशेबात नसते. ती छपराच्या पाटीवर खोचलेली असते, तिला गंज चढलेला असतो, आणि विचारले तर उत्तर मिळते, "अजून चालते ना भाऊ!"

आसगाव आणि आजूबाजूच्या चौरास भागात पेट्रोलवर चालणारी साखळी करवत, म्हणजे आपण सगळे जिला चेनसॉ म्हणतो ती, आता गावोगाव दिसते. धुऱ्यावरची बाभूळ छाटायची, वादळाने रस्त्यात पडलेले झाड हलवायचे, तर हे यंत्र अर्ध्या दिवसाचे काम तासाभरात करते. यंत्र घेताना हजारो रुपये मोजतो, साखळीही स्वस्त नाही. साखळीच्या मानाने कानस अगदीच किरकोळ. आणि त्या किरकोळ वस्तूपायी साखळी जाते, पट्टी तापते, आणि बोथट साखळीवर जोर देता देता माणसाचा हातही जातो. म्हणून या वेळी कानशीची थोडी जुनी हकिगत सांगतो. ती कळली की झिजलेली कानस ओळखणे सोपे जाते.

आपल्या विदर्भात लोखंडाचे काम काही कालचे नाही. नागपूर जिल्ह्यात पेंच नदीकाठी नाईकुंड येथे उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. ती इसवी सनापूर्वी सुमारे 700 वर्षांची मानतात. आपल्या पवनीला 1969-70 साली जगन्नाथ टेकडीवर खणले तेव्हा जुना बौद्ध स्तूप आणि कोरीव, अक्षरे खोदलेले दगड मिळाले. दगडावर अक्षर कोरायचे म्हणजे छिन्नी पाणी दिलेलीच हवी, साध्या मऊ लोखंडाचे ते काम नव्हे. तेव्हा तापवून पाणी देण्याची विद्या या मातीत जुनीच.

कानशीचे सारे मर्म याच पाणी देण्यात आहे. जे लोखंड घासायचे त्यापेक्षा कानस कठीण पाहिजे. पण इतक्या कठीण पोलादावर दात पाडणार कसे? त्यावर जुन्या कारागिरांनी काढलेली युक्ती अशी, की पोलाद आधी मऊ करायचे, मऊ असताना छिन्नीने एकेक दात उठवायचा, आणि सगळे दात झाले की तापवून झटकन पाण्यात बुडवायचे. त्यासाठी पोलादात कर्ब भरपूर लागतो, शंभरात एक भाग किंवा थोडा जास्तच. आजही कानस याच क्रमाने होते. यातून दोन गोष्टी निघतात. एक, कानस कठीण असते म्हणून ठिसूळही असते. दुसरी, दात पुढच्या बाजूला झुकवून उठवलेले असतात. ते पुढे जाताना कापतात. मागे ओढताना दाबले तर दाताचे टोकच मोडते. आपल्याकडच्या निम्म्या कानशी झिजून मरत नाहीत, मागे-पुढे रगडून मारल्या जातात, असे माझे स्पष्ट मत आहे.

इंग्लंडात शेफिल्ड हे कानशीचे मोठे गाव. तिथे कारागीर दगडी ऐरणीसमोर बसून हाताने दात पाडत. एका हातात छिन्नी, दुसऱ्या हातात हातोडा, मोजमाप फक्त नजरेचे. एका बाजूचे दात झाले की कानस उलटायची. मग खालचे ताजे दात चेपू नयेत म्हणून तिच्याखाली शिशाची चकती ठेवत. ते शिसे बोटांतून, भाकरीतून पोटात जाई. कित्येकांचे मनगट लुळे पडे, पोटात कळा येत. शिशाच्या विषबाधेसाठी हा धंदा बदनाम होता. आपल्या पूर्वजांच्या हाती जी विलायती कानस येई, तिच्यामागे हेही होते.

त्या काळी कानस महाग, म्हणून झिजली तरी कोणी फेकत नसे. बोथट कानस परत पाठवत. कारागीर ती तापवून मऊ करी, जुने दात घासून काढी, नवे दात पाडी आणि पुन्हा पाणी देई. एकाच कानशीला असे दोन-तीन जन्म मिळत. म्हणजे कानस झिजली हे वेळेवर ओळखणे हा तेव्हा व्यवहारच होता. ती फार खाऊन गेली तर नवे दात पाडायला अंगच उरत नसे.

पुढे यंत्र आले. दात पाडणाऱ्या यंत्राचे चित्र इटलीच्या लिओनार्दो दा विंचीने पाचशे वर्षांपूर्वीच काढून ठेवले होते, पण ते जमायला फार काळ गेला. अमेरिकेत प्रॉव्हिडन्स शहरी विल्यम निकोल्सन याने 1864 साली कंपनी काढली आणि यंत्राच्या कानशी बाजारात आणल्या. यंत्राचे दात अगदी सारख्या अंतरावर पडत. ऐकायला चांगले वाटते, पण अशी कानस कामावर थरथरते आणि चरे पाडते. हाताच्या कानशीत अंतर थोडे कमी-जास्त असे, म्हणून ती गुळगुळीत चाले. शेवटी यंत्रालाच मुद्दाम थोडे कमी-जास्त अंतर पाडायला शिकवले गेले. माणसाच्या हाताची चूक यंत्राला गुण म्हणून उचलावी लागली, हे मला मोठे गमतीचे वाटते.

आपल्या देशात कानशी बरीच वर्षे परदेशातूनच येत. स्वातंत्र्यानंतर चित्र बदलले. ठाण्याच्या रेमंडला लोक कापडासाठी ओळखतात, पण त्याच उद्योगसमूहाने कानशी काढायला घेतल्या आणि पुढे रत्नागिरी व चिपळूणलाही कारखाने उभे राहिले. 'जे. के.' हे नाव वाढई आणि लोहार दोघांच्याही पेटीत तेव्हापासून आहे. कानस स्वस्त झाली, पुन्हा दात पाडून घेण्याची रीत मागे पडली. आणि झाले काय, झिजली कधी हे पाहण्याची सवयही गेली.

आता करवतीकडे वळू. आपल्याकडे झाड पाडायचे ते कुऱ्हाडीने. लाकूड चिरायला मोठी करवत आली तरी एक माणूस वर, एक खाली अशी ती ओढायची. 1887 साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेचे रूळ या भागातून गेले, रुळांखाली लाकडी स्लीपर लागले, आणि चिराईचे काम वाढले. या करवतीला लागते तीनधारी कानस. तिचे पोट नंतर झिजते, कोपरा आधी जातो. करवतीच्या दोन दातांमधली खाच कोपराच कापत असतो ना! कोपरा गोल झाला की खाचेचे तळही गोल आणि उथळ होतात, भुसा अडकतो, करवत लाकडात धरते. तीन कोपरे म्हणजे तीन आयुष्ये. एक वापरून झाला की त्यावर रंगाचा ठिपका द्या, म्हणजे कोणता राहिला ते कळेल.

साखळी करवतीची गोष्ट निराळी. जर्मनीच्या आंद्रेआस श्टील याने 1926 साली विजेवर चालणारी आणि 1929 साली पेट्रोलवर चालणारी साखळी करवत काढली. तेव्हाच्या साखळीचे दात हातकरवतीसारखेच खरवडणारे, आणि पाजवायला किचकट. 1946 साली अमेरिकेच्या ओरेगॉन भागात जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या एका खोडात लाकूड पोखरणारी अळी पाहत बसला. अळी लाकडात उभी-आडवी सहज फिरत होती. तिचे जबडे डावीकडे एकदा, उजवीकडे एकदा असे लाकूड कापत. त्यावरून त्याने एक डावा, एक उजवा अशा वळणदार दातांची साखळी केली आणि पुढच्या वर्षी धंदा सुरू केला. आपण जिला किडा म्हणून मारतो तिने करवतीला दात दिले! आज आपल्याकडे जी साखळी येते ती याच वळणाची. दात आतून गोल असल्यामुळे तिला कानसही गोल लागते, आणि तीही मापाची. 0.325 इंची साखळीला 4.8 मि.मी., 3/8 इंचीला 5.2 किंवा 5.5 मि.मी., आणि 3/8 इंचीच्याच हलक्या, बुटक्या प्रकाराला 4 मि.मी. माप यंत्राच्या पुस्तिकेत असते, दुकानदाराच्या अंदाजावर सोडू नका.

बरे, ही गोल कानस संपली हे कसे ओळखायचे? आधी हाताला विचारा. चांगली कानस हलक्या दाबाने पुढे ढकलली की दाताला धरते आणि पोलादाचा बारीक कीस पडतो. झिजलेली घसरते, किंचाळते. मग आपण जोर वाढवतो. जोर वाढवावासा वाटला, तिथेच थांबा. दुसरे, कानस उजेडात तिरपी धरून पाहा. नव्या कानशीचा रंग सारखा, मंद करडा दिसतो. झिजलेल्या दातांची टोके सपाट होऊन आरशासारखी चकाकतात. तिसरे, नखावर अलगद टेकवून पुढे सरकवा. दात जिवंत असतील तर नखाला धरतील, मेलेले असतील तर सरकून जातील. घरात एक नवी कानस कागदात गुंडाळून ठेवा, दोन्ही शेजारी धरल्या की फरक कोणालाही कळतो.

मात्र घसरली म्हणून लगेच कानशीला दोष देऊ नका. डिंक, तेल आणि कीस दातांत भरला तरी कानस घसरते. तारेच्या ब्रशने दातांच्या रेषेतून झाडा, चिकट असेल तर रॉकेलचा बोळा फिरवा आणि कोरडी पुसा. यानंतर धरू लागली तर ती झिजली नव्हती, भरली होती. पाजवण्याआधी साखळीचा चिकटा काढला आणि कानशीवर खडू फिरवला तर भरणे कमी होते. तिसरा आरोपी साखळीचा दातच. तेल न मिळाल्याने किंवा ग्राइंडरवर जळल्याने दात निळा पडला असेल तर तो फार कठीण होतो, त्यावर चांगली कानसही घसरते आणि खराब होते. म्हणून दुसऱ्या दोन-तीन दातांवर लावून पाहा. तिथे धरली तर कानस निर्दोष.

एक कानस किती वेळा पुरते, असे नेहमी विचारतात. ठरीव आकडा नाही. मातीत टेकवलेली साखळी एका पाजवणीत जेवढी कानस खाते तेवढी स्वच्छ साखळी कित्येक पाजवण्यांत खात नाही. आयुष्य वाढवायचे तर इंजिन बंद करून हातमोजा घाला, दाताच्या आतून बाहेर ढकला, परतताना उचलून आणा, आणि दर दोन-तीन हातांनी कानस थोडी फिरवा. बरेच जण एकाच अंगावर घासतात. एक बाजू गुळगुळीत झालेली असते, बाकीची कोरी. अशी कानस संपलेली नसते, नुसती फिरवायची असते. पावसाळ्यात ती पान्ह्यांच्या डब्यात टाकू नका. लोखंडावर आपटून टोके तुटतात आणि दमटपणाने गंज धरतो.

झिजलेल्या कानशीचे पोलाद मात्र वाया जात नाही. गावच्या लोहाराकडे दिली तर तो ती तापवून मऊ करतो, ठोकतो, आणि चाकू किंवा खुरपे घडवून पुन्हा पाणी देतो. परंतु न तापवता तिचीच छिन्नी किंवा पहार करू नये. ती काचेसारखी फुटते आणि तुकडा डोळ्यात जातो. फेकताना किंवा लोहाराकडे देताना मूठ तेवढी काढून घ्या, ती नव्या कानशीला चालते. मुठीशिवाय कानस वापरली तर तिचे मागचे टोकच तळहातात घुसते.