विमानाचा शजरा
कोपरला आमच्या जुन्या जागेचे फेरफार काढताना एक गोष्ट कळली: जमीन तीच राहते, नावे बदलत जातात. जुन्या विमानाचेही तसेच.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले. विमान होते पस मॉथ, नोंदणी व्हीटी-एडीएन. पन्नास वर्षांनी, वयाच्या ७८व्या वर्षी, त्यांनी तोच प्रवास पुन्हा केला. 'त्याच विमानातून,' असे मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. ते चूक होते. १९८२चे विमान लेपर्ड मॉथ होते. दिसायला भावंडे, पण पस मॉथचा सांगाडा पोलादी नळ्यांचा, लेपर्डचा लाकडी.

मालक बदलला की नोंदवहीत नवे नाव चढते, देश बदलला की नोंदणीची अक्षरे बदलतात. दुसऱ्या महायुद्धात कित्येक खासगी विमाने सरकारने ताब्यात घेतली आणि त्यांच्यावर लष्करी क्रमांक आले. कारखान्याचा क्रमांक मात्र जन्मभर तोच. माग काढायचा तर तोच धरावा लागतो.

उर्दूत वंशावळीला शजरा म्हणतात. त्यातली एक कडी सुटली, की दुसऱ्याचे पूर्वज आपले होऊन बसतात. यंदा मुलांसमोर माझी चूक मीच फळ्यावर लिहिली.