घरात आलेला ‘तुकाराम’

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि सिनेमा थिएटरातून घरात आला. घरात म्हणजे, ज्याच्याकडे संच असे त्याच्या घरात! शनिवारी मराठी चित्रपट असला की आमच्या चाळीतील निम्मी बिऱ्हाडे एकाच खोलीत सतरंजीवर दाटीवाटीने बसत.

दामले-फत्तेलालांचा ‘संत तुकाराम’ (१९३६) मी असाच पाहिला. त्याची भव्यता त्या चिमुकल्या पडद्यावर हरवली, हे कबूल केले पाहिजे. वैकुंठाला निघालेले विमान तर चिमणीएवढे दिसले. परंतु विष्णुपंत पागनीसांच्या तुकोबांपेक्षा गौरी यांची जिजाई त्या खोलीत मोठी झाली. शेजारच्या काकू उभ्या जन्मात थिएटरची पायरी चढल्या नव्हत्या. पोराबाळांसाठी विठोबाशी भांडणारी जिजाई पाहून त्या मोठ्याने म्हणाल्या, “बरोबर बोलत्येय ती!” कोणी हसले नाही. चित्रपटांच्या इतिहासकारांनी अशा अभिप्रायांची दखल घ्यावयास हवी होती. वर्तमानपत्री परीक्षणे बहुधा पुरुषांचीच असत.

१९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण आले, पुढे संचही घरोघर झाले. काकू आपल्याच खोलीत, दार लोटून, चित्रपट पाहू लागल्या. त्या काय म्हणत, ते मग आम्हांला ऐकू येईनासे झाले.