आइस टूलच्या दांड्याला टेप का गुंडाळतात? आणि कोणती टेप निवडायची?

क्रिकेटमध्ये फटका मारताना बॅट हातात फिरली, तर फार तर विकेट जाते. पण गोठलेल्या धबधब्यावर 40 फूट उंचीवर लटकलेल्या माणसाच्या हातातून आइस टूल निसटलं, तर गोष्ट जिवावर येऊ शकते. म्हणूनच बर्फ चढणारे लोक ज्या छोट्या गोष्टीवर तासन् तास चर्चा करतात, ती म्हणजे टूलच्या दांड्यावरची टेप. दिसायला साधी पट्टी, पण ती चुकली की बोटं बधिर होतात, हात भरून येतात आणि पकड सुटते.

आधी आइस टूल म्हणजे काय ते पाहू

हिमालयातल्या ट्रेकच्या फोटोंमध्ये दिसते ती सरळ दांड्याची आइस अ‍ॅक्स. आइस टूल हा तिचाच आखूड, वाकड्या दांड्याचा भाऊ. उभा बर्फ चढताना दोन्ही हातांत एकेक टूल असतं आणि बुटांना क्रॅम्पॉन म्हणजे पोलादी काटे लावलेले असतात. टूलचं टोकदार पातं बर्फात रुतवायचं, त्याला धरून वर सरकायचं, की पुन्हा तेच. हिवाळ्यात स्पिती आणि लडाखमध्ये गोठलेल्या धबधब्यांवर अशी चढाई होते. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात उरे या गावी तर दरीच्या कड्यांवर पाणी सोडून मुद्दाम बर्फाच्या भिंती तयार केल्या जातात.

1974 साली जेफ लो आणि माइक वाइस यांनी कोलोरॅडोतलाच ब्रायडल व्हेल हा गोठलेला धबधबा चढला. त्या काळात आणि पुढेही बरीच वर्षं टूल मनगटाला पट्ट्याने बांधलेलं असायचं. या पट्ट्याला लीश म्हणतात. हाताची पकड थोडी ढिली झाली तरी शरीराचा भार मनगटावर पेलला जायचा. 2000 नंतर मात्र वाकड्या मुठीची, बोटांखाली आधार असलेली टूल्स आली आणि लीश हळूहळू मागे पडली. हात मोकळे झाले, टूल अदलाबदल करणं सोपं झालं. पण आता माणूस आणि टूल यांच्यामध्ये उरली ती फक्त मूठ.

काही जण टूल हार्नेसला इलास्टिक दोरीने बांधतात. त्यामुळे सुटलेलं टूल खाली पडत नाही, पण अशा बऱ्याच दोऱ्या माणूस पडल्याचा झटका पेलण्यासाठी बनवलेल्या नसतात. आणि सुरक्षा दोर असला तरी बर्फावर पडणं धोक्याचंच. पडताना क्रॅम्पॉन बर्फात अडकला की घोटा मोडू शकतो.

मग मुठीला रबर असतंच ना?

खालच्या मुठीला असतं. पण चढताना हात तिथेच राहत नाही. एकाच टूलवर दोन्ही हात ठेवावे लागतात, कधी दांडा वर पकडावा लागतो. तिथे बऱ्याचदा उघडं अ‍ॅल्युमिनियम असतं. हा धातू रबराच्या शेकडो पट वेगाने उष्णता वाहून नेतो. म्हणजे हातमोज्यातली ऊब दांडा शोषून घेतो. हात खूप गार पडून पुन्हा रक्त खेळू लागलं की इतक्या कळा येतात की माणूस ओरडतो, त्याला मळमळतं. इंग्रजीत या प्रकाराला गमतीने ‘स्क्रीमिंग बार्फीज’ असं नाव आहे.

थोडक्यात, टेपला दोन कामं करायची असतात: हात घसरू न देणं आणि धातूचा गारवा अडवणं.

कोणते पर्याय आहेत?

स्वतःलाच चिकटणारी रबर किंवा सिलिकॉन टेप: इलेक्ट्रिशियन वायरचे जोड झाकायला अशी टेप वापरतात. तिला गोंद नसतो. ताणून गुंडाळली की थरावर थर एकजीव होतो. पाणी शोषत नाही, गारवा अडवते, काढल्यावर चिकट डाग राहत नाही. सिलिकॉनची टेप कडक थंडीतही मऊ राहते. दोष एकच: धारदार काही लागून चीर पडली की ती वाढत जाते. बहुतेकांसाठी सुरुवात इथूनच करावी.

हॉकीची कापडी टेप: आइस हॉकीच्या स्टिकला लावतात ती. स्वस्त, पातळ, खरखरीत. कोरड्या थंडीत चांगली. पण कापड पाणी पितं. वितळत्या, ठिबकत्या बर्फावर ती भिजते, मग गोठते आणि गुळगुळीत होते.

स्केटबोर्डची ग्रिप टेप: ही जवळजवळ सॅंडपेपरच. पकड जबरदस्त, पण महागडे हातमोजे काही दिवसांत खाऊन टाकते. गारवाही फारसा अडवत नाही. लावायचीच असेल तर छोटा तुकडा पुरे.

बॅडमिंटन किंवा टेनिस रॅकेटची ग्रिप: दुकानात सहज मिळते, म्हणून मोह होतो. पण ती घामेजलेल्या उघड्या तळव्यासाठी बनलेली असते, ओल्या हातमोज्यासाठी नाही.

वायरिंगची साधी प्लॅस्टिक टेप: थंडीत कडक होते, गोंद सुटतो, ओली झाली की घसरते. टाळलेलीच बरी.

जाड टेप म्हणजे चांगली टेप?

नाही. इथेच बहुतेक नवखे फसतात. हातमोजा घातल्यावर दांडा आधीच जाड लागतो. त्यावर टेपचे तीन-चार थर चढवले की मूठ पूर्ण मिटत नाही. मग जोर लावून धरावं लागतं, कोपराखालचे स्नायू भरून येतात, आवळलेल्या बोटांत रक्त कमी पोचतं आणि ती आणखी गार पडतात. म्हणजे उबेसाठी लावलेली टेपच हात गारठवते. अर्ध्यावर अर्धा थर येईल अशी एक फेरी बहुतेक वेळा पुरते.

घरीच करून पाहता येते चाचणी

टूलच्या जाडीच्या पाइपच्या तुकड्यावर टेप गुंडाळा आणि रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. घरगुती फ्रीजरचं तापमान साधारण उणे 18 अंश असतं. सकाळी बाहेर काढून पाणी शिंपडा आणि चढाईत वापरणार असाल तेच हातमोजे घालून पकडा. चामड्याचा तळवा आणि रबरी तळवा एकाच टेपवर वेगळे वागतात, म्हणून मोजे तेच हवेत.

लावायची कशी?

* जुनी टेप काढा, दांडा स्पिरिटने पुसून कोरडा करा. हे काम उबदार खोलीतच करा, थंडीत गोंद नीट धरत नाही.
* खालून वर गुंडाळत जा. कौलांसारखा वरचा थर खालच्यावर आला की पाणी ओघळून जातं आणि खाली सरकणारा हात टेपच्या कडेला अडकत नाही.
* पात्याचे बोल्ट, बोटांखालच्या आधाराचा स्क्रू आणि दोरी ओवायचं भोक झाकू नका. दांड्यावरची कंपनीची खूणही दिसू द्या.
* सरळ दांड्याची आइस अ‍ॅक्स असेल तर खालचा भाग मोकळा सोडा. तो बर्फात खुपसायचा असतो, टेपमुळे अडतो.
* दर मोसमात टेप काढून दांडा तपासा. टेपखाली तडा लपून राहू शकतो.

टूल आपलं नसेल तर?

महाराष्ट्रातले अनेक जण उत्तरकाशी, मनाली किंवा दार्जिलिंगच्या गिर्यारोहण संस्थांमध्ये कोर्स करायला जातात. संस्थेची किंवा भाड्याची साधनं असतील तर टेप लावण्याआधी प्रशिक्षकांना विचारा. सिलिकॉन टेप इथेही सोयीची, कारण परत करताना कापून काढली की दांडा जसाच्या तसा राहतो. चढायला निघण्यापूर्वी टेपची दोन्ही टोकं अंगठ्याने दाबून पाहा. टोक उचललं जात असेल तर ती खालीच बदला, कारण भिंतीवर लटकल्यावर त्यासाठी हात मोकळा नसतो.