रोलंड नावाचा माणूसच नव्हता!

मंडळाच्या गणेशोत्सवासाठी वाद्यवृंदाची तालीम चालू होती. ऑक्टोपॅडवरचं नाव वाचून एका मित्राच्या आठ वर्षांच्या मुलाने विचारलं, "काका, हा रोलंड कोण?" मी ठोकून दिलं, "ज्याने हे वाद्य बनवलं तो!" घरी येऊन शोधलं, तेव्हा कळलं की असा कुणी नव्हताच. परदेशी गिऱ्हाइकांना सहज उच्चारता यावं म्हणून निवडलेलं ते नाव. निवडणारे होते इकुतारो काकेहाशी.

काकेहाशींचा जन्म १९३० साली ओसाकात झाला. ते दोन वर्षांचे असतानाच आईवडील क्षयाने गेले, आजीआजोबांनी सांभाळलं. महायुद्धानंतर वयाच्या सोळाव्या वर्षी त्यांनी घड्याळदुरुस्तीचं दुकान काढलं. पुढे त्यांनाही क्षयाने गाठलं. ऐन तारुण्यातली काही वर्षं रुग्णालयात गेली. स्ट्रेप्टोमायसिन हे तेव्हा नवं असलेलं औषध मिळालं म्हणून ते वाचले.

१९५४ मध्ये त्यांनी ओसाकात विजेच्या उपकरणांचं दुकान थाटलं, १९६० मध्ये वाद्यं बनवणारी 'एस' ही कंपनी काढली आणि ती सोडून १९७२ मध्ये 'रोलंड' सुरू केली. संगीताचं रीतसर शिक्षण मात्र त्यांनी कधीच घेतलं नव्हतं!

१९८० साली 'टीआर-८०८' हे तालयंत्र आलं. त्याचा आवाज खऱ्या ड्रमसारखा नाही, अशी तक्रार झाली. सुमारे १२,००० यंत्रं बनवून १९८३ मध्ये उत्पादन थांबलं. मग जुनी यंत्रं स्वस्तात मिळू लागली, खिशात फारसे पैसे नसलेल्या तरुणांनी ती उचलली आणि त्याच 'खोट्या' ठेक्यावर हिपहॉप उभं राहिलं. आपल्या मुंबईतही १९८२ मध्ये चित्रपटसृष्टीतले वादक चरणजित सिंग यांनी रोलंडची यंत्रं वापरून दहा रागांची डिस्को ध्वनिमुद्रिका काढली. तेव्हा ती फारशी कुणी ऐकली नाही. २०१० मध्ये पुन्हा निघाली, तेव्हा जगभरचे जाणकार थक्क झाले.

पण काकेहाशींचं मोठं काम वेगळंच. त्या काळी एका कंपनीचं वाद्य दुसरीच्या वाद्याशी बोलत नसे. सगळ्यांनी एकच भाषा ठरवावी, असा आग्रह त्यांनी १९८१ मध्ये धरला. अमेरिकेतल्या डेव्ह स्मिथ यांनी आराखडा मांडला. यामाहा, कॉर्ग, कावाई या स्पर्धक कंपन्याही सामील झाल्या. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या प्रदर्शनात स्मिथ यांच्या कंपनीचा आणि रोलंडचा असे दोन कीबोर्ड एका तारेने जोडले आणि एक वाजवताच दुसराही वाजला! हीच ती 'मिडी'. तिच्यासाठी कुणाकडूनही परवाना शुल्क घ्यायचं नाही, असं ठरलं. म्हणूनच ती जगभर रुजली. २०१३ मध्ये दोघांना तांत्रिक कामगिरीचं ग्रॅमी मिळालं. २०१७ मध्ये काकेहाशी वारले.

१९८५ मध्ये आलेल्या पहिल्या ऑक्टोपॅडला स्वतःचा आवाजच नव्हता, बरं का! काठीचा घाव तो 'मिडी'तून दुसऱ्या यंत्राला कळवायचा आणि मग आवाज निघायचा. पुढे आपल्या ऑर्केस्ट्रांनी त्याला कायमचं घरात घेतलं.

जपानीत 'काकेहाशी' या शब्दाचा उच्चार पुलासाठीही होतो. पुढच्या तालमीला त्या मुलाला मी खरं उत्तर दिलं. तो म्हणाला, "मग नाव पुलाचंच ठेवायला हवं होतं की!" मला पटलं.