न वसूल झालेला कर

चेन्नईत सेंट्रल स्टेशनाजवळून उत्तरेकडे जाणाऱ्या एका रस्त्याला लोक अजून ‘वॉल टॅक्स रोड’ म्हणतात. ज्या तटासाठी कर ठरला तो तट बहुतेक नाहीसा झाला, आणि कर तर कधी वसूलच झाला नाही. नाव मात्र उरले.

१७४६ मध्ये फ्रेंचांनी मद्रास घेतले. १७४८ च्या तहात युरोपातल्या राजांनी ते इंग्रजांना परत दिले. बदल्यात फ्रान्सला उत्तर अमेरिकेतला लुईबर्गचा किल्ला मिळाला. शांतता म्हणजे दूर कुठेतरी झालेली अदलाबदल. इथल्या विणकरांना आणि व्यापाऱ्यांना कोणी विचारले नाही.

पुढे सेंट जॉर्ज किल्ल्यावरच्या तोफांना समोर मोकळे मैदान हवे म्हणून किल्ल्यालगतची ‘ब्लॅक टाऊन’ ही देशी वस्ती पाडली गेली. आज तिच्या जागी हायकोर्ट उभे आहे. किल्ला निर्धास्त झाला, पण घरे गेली ती रहिवाशांची. ते उत्तरेला नव्या वस्तीत राहू लागले.

मार्च १७६९ मध्ये हैदर अली आपले घोडदळ घेऊन थेट मद्रासच्या वेशीवर आला. कंपनीने घाईने तह केला. जिंकलेला मुलूख परस्परांना परत द्यायचा आणि कोणावर स्वारी झाली तर दुसऱ्याने मदतीला जायचे, असे ठरले. त्यानंतरच्या वर्षांत नव्या ब्लॅक टाऊनभोवती तटही उभा राहिला. शेजाऱ्याशी करार आणि शेजाऱ्यापासून बचाव, दोन्ही एकाच वेळी चालू होते.

कराराची परीक्षा घेतली ती मराठ्यांनी. माधवराव पेशव्यांच्या फौजा म्हैसूरवर चालून गेल्या आणि मार्च १७७१ मध्ये त्र्यंबकराव पेठ्यांनी मोती तलावाजवळ हैदरचा दारुण पराभव केला. कंपनीची मदत आली नाही. आपल्या इतिहासात ही लढाई पेशव्यांचा विजय म्हणून येते. हैदरच्या लेखी मात्र इंग्रजांनी शब्द मोडल्याचा तो पुरावा होता, आणि तो त्याने विसरला नाही.

१७८० मध्ये हैदरने कर्नाटकावर स्वारी केली, तेव्हा इंग्रजांविरुद्ध त्याची हातमिळवणी झाली होती ती पुण्याशीच. सप्टेंबरात कांचीपुरमजवळ पोल्लिलूर येथे कर्नल बेलीची फौज बुडाली. मद्रासचा तट शाबूत होता. त्याच्या बाहेरच्या गावांना मात्र कसलाच आडोसा नव्हता. नऊ वर्षांपूर्वी न पाळलेल्या वचनाची झळ त्यांना लागली.

ओल्ड जेल रोडवर त्या तटाचा एक तुकडा अजून उभा आहे. तटाच्या कराची वसुली राहिली ती राहिलीच. सुरक्षिततेची किंमत मात्र चुकली नाही. ती भरली पाडलेल्या घरांनी आणि तटाबाहेरच्या गावांनी. त्यांच्या नावाचा रस्ता कुठे नाही.